लिव्हरचा एमआरआय आणि तळहातातला गळ

फॉर्म मी स्वतःच भरला. पेसमेकर आहे का, नाही. डोक्याचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालंय का, नाही. किडनीचा त्रास, नाही. इंजेक्शनाची ॲलर्जी, नाही. गोंदण आहे का, इथे मात्र 'हो' लिहिलं, कारण लहानपणी आईने माझे दोन्ही हात मनगटापर्यंत गोंदवून घेतले होते. शेवटचा प्रश्न होता, शरीरात कुठे लोखंडाचा तुकडा, छर्रा किंवा सुई राहिलेली आहे का. मी 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. तीस वर्षं शाळेत शिकवत होते मी. फॉर्म वाचून उत्तर द्यायला मला कुणाची मदत लागत नव्हती.

तेव्हा मी मुलचेरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शिक्षकांची आरोग्य तपासणी गडचिरोलीला झाली, त्यात पोटाची सोनोग्राफी केली. तिथल्या डॉक्टरांनी पोट पुसायला कागद देता देता सांगितलं, "लिव्हरमध्ये एक गाठ दिसतेय. लिंबाएवढी. साधीच असेल, पण यात नीट कळत नाही. चंद्रपूरला जाऊन एमआरआय करून घ्या."

'साधीच असेल' हे शब्द माझ्या कानावरून गेले, आत शिरले नाहीत. आमच्या घरात लिव्हर हा शब्द त्याआधी एकदाच आला होता, नवऱ्याच्या आजारपणात. सहा महिन्यांत माणूस गेला. त्याला चार वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला, तिला पाचवा महिना लागलेला. तिला काही सांगायचं नाही हे मी आलापल्लीच्या गाडीत बसल्या बसल्याच ठरवलं. मग सांगायचं कुणाला, तर उरला भाऊ.

भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मूल तालुक्यात आमचं गाव, गावाला मोठा तलाव, आणि त्या तलावावरच आमच्या ढिवर लोकांची घरं चालतात. मासे आणि शिंगाडे. मी शिकले आणि बाहेर पडले, तो तिथेच राहिला. बोलायला एकदम कमी. फोनवर तर त्याहून कमी.

"भाऊ, सोमवारी चंद्रपूरले येशीन का?"

"कुठी?"

"दवाखान्यात. माझी तपासणी आहे."

"येतो," म्हणाला आणि फोन ठेवला. कसली तपासणी, काय झालं, एक प्रश्न नाही. पण सोमवारी मी तपासणी केंद्राच्या दाराशी पोहोचले तेव्हा तो धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घालून, पायरीवर बसून होता. पहिल्या गाडीने आला होता. तपासणीला उपाशी राहायचं असतं एवढं त्याला ठाऊक होतं, म्हणून तोही चहा न पिता निघाला होता.

मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. सहा तास पोट रिकामं हवं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. किडनी नीट काम करते की नाही याचा रक्ताचा रिपोर्टही बरोबर होता, कारण तपासणीच्या मध्येच शिरेतून औषध सोडतात आणि ते पुढे किडनीतून बाहेर पडतं. मी फॉर्म भरला, आणि तो घ्यायला आलेल्या तंत्रज्ञाने माझ्यादेखत सगळे प्रश्न पुन्हा एकदा मोठ्याने विचारले. तिशीतला असेल, शांत, घाई नसलेला. तो शेवटच्या प्रश्नावर आला आणि मी पुन्हा 'नाही' म्हटलं.

शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "हे लोखंडाचं काऊन विचारून राह्यले, बापू?"

"आत मोठा चुंबक आहे, काका. मशीन चालू असो नसो, चुंबक चोवीस तास चालूच राहते. लोखंड वढून घेते."

"हातात धरलेलं?"

"हातातलं तर वढतेच. अंगात तुकडा असला तर तो हलू शकते, तापू शकते."

"अंगातला बी?"

"अंगातला बी."

भाऊ माझ्या हातांकडे बघायला लागला. मी लक्ष दिलं नाही, कारण मला आत बोलावलं होतं. कानातलं, बांगड्या, घड्याळ, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, सगळं एका कपाटात ठेवून त्याला कुलूप लावलं. मोबाइलही त्यातच. मग त्यांचा निळा गाऊन घातला. एका सिस्टरने डाव्या हाताच्या शिरेत सुई बसवली आणि पट्टी लावली. आता फक्त जाड दाराच्या आत जायचं होतं. दाराच्या आतून हापशी मारल्यासारखा एकसारखा आवाज येत होता.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. तंत्रज्ञाने उघडलं तर भाऊ उभा. डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलेलं.

"साहेब, हिले आत नका नेऊ. हिच्या हातात गळाचं टोक आहे."

मला काहीच कळलं नाही. "कोनाच्या हातात?" मी विचारलं.

"तुह्या. उजव्या." तो माझ्याकडे न बघता तंत्रज्ञाशी बोलत होता. "लहानपनी लागला होता. मीच मारला."

मग मला आठवलं. मी नऊ वर्षांची होते. भाऊ बांधावरून गळ फेकत होता आणि मी त्याच्या मागे, नको तितकी जवळ. गळ मागून आला तो माझ्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी घुसला. त्याने तो ओढून काढला. मी किंचाळले, रक्त आलं, त्याने तंबाखूचं पान कुस्करून लावलं आणि म्हणाला, "निघाला पुरा. मायले सांगू नको." मी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत जखम भरली. तिथे एक काळसर ठिपका राहिला, आणि थंडीत खडू धरला की कधी कधी तो भाग टोचायचा. बस, तेवढंच. मी तो तीळ समजत होते.

"पुरा नव्हता निघाला," भाऊ म्हणाला. "मी गळ पाह्यला होता. टोक नव्हतं त्याले."

तंत्रज्ञ रागावला नाही. त्याने माझा तळहात उजेडात धरला, ठिपक्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, बरं झालं तुम्ही बोलले. आधी एक्स-रे काढू."

एक्स-रे तिथेच, पलीकडच्या खोलीत निघाला. एमआरआयचे फोटो वाचणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून पडद्यावर दाखवलं. माझ्या हाताची राखाडी हाडं आणि अंगठ्याखाली एक पांढरी शुभ्र रेघ, स्वल्पविरामाएवढी. इतकी वर्षं ती तिथे होती.

"काही मोठं संकट आलं असतं असं नाही," मॅडम म्हणाल्या, "पण हा लोखंडाचा तुकडा आहे आणि मी धोका घेणार नाही. हात भाजू शकला असता, आतून फाटू शकला असता. वरवरच आहे, दहा मिनिटांत निघेल. टाके काढून झाले की या. त्या गाठीला दहा-बारा दिवसांनी काही फरक पडत नाही."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. मी पुन्हा साडी नेसले होते, हाताच्या शिरेतली सुई काढली होती. मला राग यायला हवा होता आणि येतही होता, पण त्याच्यापुढे दुसरंच काहीतरी येत होतं. त्या जाड दाराच्या आत मी अर्ध्या मिनिटात जाणार होते.

"इतके वर्स काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

त्याने हातातलं फडकं गुडघ्यावर पसरलं. "आधी मायचा भेव होता. मंग तू शिकाले गेली. मंग तुले नोकरी लागली, हातात खडू आला. म्हनलं, दुखत नसन तिले. मंग लाज वाटे, आता काय सांगाचं." मग म्हणाला, "तुले लगनात मेंदी लावून राह्यले होते तवा बी मी तो हातच पाहात होतो."

मला हसू आलं. डोळ्यांत पाणी होतं तरी हसू आलं. माझ्या लग्नात हा माणूस कोपऱ्यात उभा राहून माझा तळहात बघत होता आणि सगळे म्हणत होते, बहिणीसाठी किती हळवा झालाय.

"चाल, काढून टाकू," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी चंद्रपुरातल्या एका सर्जनने तो काढला. भूल फक्त हातापुरती. मी मान वळवली होती, पण भाऊ बघत उभा राहिला. त्याने बाहेर थांबायला नकार दिला. ट्रेमध्ये टण्णदेखील आवाज आला नाही, इतका तो तुकडा लहान होता, तांदळाच्या कणीसारखा, गंजून काळा पडलेला. डॉक्टरांनी दोन टाके घातले. पुन्हा एक्स-रे काढला, हात मोकळा होता. भावाने तो एक्स-रे खिडकीकडे धरून चांगला दोन मिनिटं तपासला. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण त्याचे खांदे खाली आले ते मला दिसलं.

टाके सुकेपर्यंत मी रजा टाकून गावी राहिले. खरी तयारी तिथे झाली.

तपासणी केंद्रातून निघताना तंत्रज्ञाने मला सांगून ठेवलं होतं, "मॅडम, लिव्हर श्वासाबरोबर वर-खाली होते. श्वास चालू राहिला तर फोटो हलतो. आम्ही सांगू तेव्हा श्वास सोडायचा आणि तसंच थांबायचं. पंधरा-वीस सेकंद. असं दहा-बारा वेळा. घरी सवय करून या. पिळून सगळा काढायचा नाही, साधा सोडायचा आणि थांबायचं."

मला हे सोपं वाटलं. ढिवराच्या घरची पोर मी, तलावात बुडी मारत मोठी झाले. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "दम भरून तर म्हैसबी पान्यात बसते. दम सोडून बसून पाह्य, मंग समजन."

तो म्हणाला तेच खरं निघालं. बांधावर बसून मी श्वास सोडला आणि थांबले. भाऊ बोटांवर मोजत होता. आठाला माझे डोळे बाहेर आले. छाती आपोआप वर उसळली, थांबवणं हातातच नव्हतं.

"आठ," भाऊ म्हणाला. "नापास."

शिंगाडे काढायचे दिवस होते. सकाळी बायका डोंग्यांतून पाण्यात हिंडत, वेली उलटवून शिंगाडे तोडत, आणि आम्ही दोघं वयस्क बहीण-भाऊ बांधावर बसून, एक जण बोटं मोजतोय, दुसरी तोंड मिटून लाल होतेय. दुसऱ्या दिवशी वहिनी पाण्यातून ओरडली, "काय करून राह्यले जी तुमी दोघं?" भाऊ म्हणाला, "बाईची परीक्षा आहे." मग डोंग्यातल्या बायकांनीही करून बघितलं. कुणी पाचाला फुटली, कुणी सहाला. हसण्याने सगळा तलाव भरला. मी त्या सकाळी बाराला पोहोचले.

सहाव्या दिवशी मला युक्ती सापडली. श्वास सोडल्यावर घसा आवळायचा नाही. खांदे सैल सोडायचे, जीभ सैल सोडायची आणि मोजण्याकडे लक्षच द्यायचं नाही. एका ओळीत येणारं काहीतरी मनात धरायचं. मी शाळेची हजेरी धरली. पहिल्या नावापासून सुरू करायची आणि एकेक नाव मनात घ्यायचं. माझ्या वर्गात आसपासच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली मुलं जास्त, मला बाईंऐवजी दीदीमणी म्हणणारी. त्यांची नावं मनात घेता घेता दम कधी संपतो ते कळत नसे. त्या दिवशी भावाची बोटं दोनदा संपली आणि वर तीन.

"तेवीस," तो म्हणाला. मग त्याने सदऱ्याची बाही सारखी केली आणि उठून चालायला लागला. माझा भाऊ फार खूश झाला की असंच करतो.

दुसऱ्या खेपेला चंद्रपूरला गेलो तेव्हा मी फॉर्म सावकाश भरला. प्रत्येक ओळ भावाला वाचून दाखवली आणि मगच खूण केली. तंत्रज्ञ तोच होता. त्याने हाताची खूण बघितली, नवा एक्स-रे बघितला आणि म्हणाला, "चला, मॅडम."

सिस्टरने डाव्या हाताच्या शिरेत पुन्हा सुई बसवली. आत थंडी होती. मशीन म्हणजे भिंतीएवढी मोठी पांढरी चकती, मध्ये दोन्ही बाजूंनी उघडा बोगदा. मी अरुंद टेबलावर उताणी झोपले. पोटाभोवती श्वास मोजणारा पट्टा बांधला, पोटावर एक हलकी, चपटी पाटी ठेवली. कानांवर हेडफोन, उजव्या हातात रबराचा फुगा. "काहीही वाटलं तर दाबा, मी लगेच बाहेर काढतो," तंत्रज्ञ म्हणाला. "आणि एक सांगतो. डोळे आत गेल्यावर मिटू नका, आत्ताच मिटा."

हा सल्ला लाखमोलाचा होता. मी डोळे मिटले, टेबल सरकलं, चेहऱ्यावर पंख्याची हवा लागली. डोळे उघडले असते तर छत नाकापासून वीतभर अंतरावर दिसलं असतं. मी उघडलेच नाहीत. तरी पहिली दोन मिनिटं वाईट गेली. बोटं फुग्यावर आवळली गेली, आणि मी ती सैल केली. नंतर आवाज सुरू झाला. मूलच्या राइस मिलमध्ये उभं राहावं तसा धडधडाट, मध्येच टकटक, मध्येच भोंगा. आवाज मोठा होता, पण तो कुणाला इजा करत नव्हता हे थोड्या वेळाने अंगाला पटलं.

हेडफोनमधून आवाज आला, श्वास घ्या, सोडा, रोका. मी सोडला आणि हजेरी सुरू केली. पहिलं नाव, दुसरं, तिसरं. पंधराव्या नावाशी आवाज आला, श्वास घ्या. अजून दम शिल्लक होता. तेव्हा मला कळलं की मी हे करू शकते. नुसतं करू शकते असं नाही, चांगलं करू शकते.

मध्ये एकदा मनगटावरचं गोंदण कोमट झाल्यासारखं वाटलं. मी सांगितलं. "भाजतंय का?" त्याने विचारलं. "नाई, उन्हात हात धरल्यासारखं." त्याने दोन मिनिटं थांबून विचारपूस केली आणि पुन्हा सुरू केलं. मग सुईतून औषध सोडलं. थंड पाण्याची धार दंडातून वर चढली, तोंडाला पितळी भांड्यात ठेवलेल्या ताकाची चव आली आणि गेली. आता फोटो भराभर होते. सोडा, रोका. सोडा, रोका. मी एकही चुकवला नाही. शेवटी थोडा वेळ नुसतं पडून राहिले, औषध गाठीत कसं भरतं ते बघायला, आणि पुन्हा तीनदा श्वास सोडून थांबले.

टेबल बाहेर आलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. तंत्रज्ञ पट्टा सोडत म्हणाला, "मॅडम, एकही फोटो परत घ्यावा लागला नाही. असं आठवड्यातून एखादं पेशंट भेटते."

"मास्तरीन आहे ते," दाराशी उभा भाऊ म्हणाला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी मिळणार होता. रात्री आम्ही एका नातेवाइकाकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी आम्हाला पुन्हा पडद्यासमोर बसवलं. माझं लिव्हर मी पहिल्यांदा बघत होते. मोठं, गुळगुळीत, राखाडी, आणि त्यात ती गोल गाठ. त्यांनी एकामागून एक फोटो दाखवले. पहिल्यात गाठीच्या फक्त कडा उजळल्या होत्या. पुढच्यात उजेड आत सरकला होता. शेवटच्यात ती पूर्ण भरून आजूबाजूसारखीच दिसत होती.

"ही अशी कडेकडून सावकाश भरते ना, ती रक्तवाहिन्यांचा गुंता असतो," मॅडम म्हणाल्या. "कॅन्सर नाही. जन्मापासून असेल. औषध नाही, ऑपरेशन नाही. सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी करा माझ्या समाधानासाठी. फोटो इतके स्वच्छ आलेत की मला शंका ठेवायला जागाच नाही."

"म्हनजे काई नाई?" भावाने विचारलं.

"काही नाही."

"पक्कं?"

"पक्कं, काका."

भाऊ उठला, मॅडमना हात जोडले आणि बाहेर गेला. मी बाहेर आले तेव्हा तो नळावर तोंड धूत होता, बराच वेळ, पाणी सदऱ्यावर सांडेपर्यंत. मी लांबच थांबले.

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही तर्री-पोहे खाल्ले. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि तिसरी मागवली, तेव्हा भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "हळू खा, कोनी नेत नाई." तिथूनच मी मुलीला फोन लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग न सांगितल्याबद्दल मला भरपूर बोलली, मग मामाशी बोलायचं म्हणाली. मामाने फोन कानाला लावून पाच मिनिटं फक्त "हो" आणि "हो ना" म्हटलं.

तो मूलच्या गाडीत बसला, मी आष्टीच्या. माझ्या शेजारी गोंडपिपरीला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कुठे गेल्या होत्या एवढंच विचारलं आणि मी त्यांना लिव्हर, चुंबक, श्वास, गाठ, सगळं सांगितलं. त्या गोंडपिपरीला उतरल्या, त्यांच्या जागी एक म्हातारबुवा बसले. त्यांनी तर काही विचारलंही नव्हतं, तरी मी त्यांनाही सांगितलं. आष्टीला मुलचेऱ्याची गाडी उभी होती. कंडक्टर माझ्या नेहमीच्या ओळखीचा. पंधरा दिवस दिसल्या नाहीत, म्हणाला.

"दवाखान्यात होती. गाठ निघाली होती, पन काई नाई निघालं."

"मंग पेढे कुठी आहेत, बाई?"

मी त्याच पावली खाली उतरले. स्टँडसमोरच्या दुकानातून पेढ्यांचा मोठा पुडा घेतला आणि गाडीत येऊन पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत वाटत गेले. कुणी विचारलं, मुलगा झाला का. कुणी विचारलं, बदली झाली का. मी सगळ्यांना हो म्हणत गेले. गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली, आणि कुणीही कुरकुर केली नाही.